ऑडिओलॉजीत पीजी करून नाशिकला परतण्यात अर्थ आहे का?

निफाडची_पोर

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी बीएएसएलपी केलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीची पदवी, तीन वर्षं कॉलेज आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. आरसीआयची (पुनर्वसन परिषदेची) नोंदणी झाली आहे. सध्या कॉलेज रोडला एका श्रवणयंत्राच्या सेंटरमध्ये नोकरी करते. दिवसभर ऑडिओमेट्री, इम्पिडन्स, मोल्डची मापं, मशीन लावणं, शिट्टी मारतंय म्हणून परत आलेलं मशीन ट्यून करणं. काम आवडतं. आजोबा पहिल्यांदा मशीन लावून पंख्याचा आवाज ऐकतात आणि वर बघतात, ते मला रोज बघायला आवडतं.

अडचण अवघड पेशंटची आहे. मध्यंतरी दिंडोरी भागातलं एक बाळ आलं. कमी दिवसांचं, जन्मल्यावर कावीळ जास्त, काचेच्या पेटीत राहिलेलं. आधी कुठेतरी ओएई (आतल्या कानाची झटपट तपासणी) झाली होती, दोन्ही कान पास. घरच्यांना सांगितलं होतं, कान ठणठणीत आहेत, मूल उशिरा बोलेल. आमच्याकडे बेरा (कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची चाचणी) केली तर ९० डेसिबलला एकही वेव्ह नाही. हे काय असू शकतं ते पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंयसुद्धा. पण पुढे काय? मशीन द्यायचं का, दिलं तर गेन (आवाज किती वाढवायचा तो) किती ठेवायचा, कॉक्लियर इम्प्लांटचं कधी बोलायचं? सर म्हणाले, मुंबईला चिठ्ठी दे. दिली. बाई चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवून गेली आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

एमएस्सी ऑडिओलॉजी दोन वर्षांची आहे. सर म्हणतात, पीजीने पगार वाढत नाही, टार्गेटने वाढतो. घरी द्राक्षाचं दोन सीझन वाईट गेलंय, त्यामुळे फीचा विषय काढताना जीभ जड होते. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: अवघड केसेस खरंच शिकवतात की प्रबंध लिहून घेतात? आणि शिकून नाशिकला आले तर ते वापरायला मिळेल का?

तर्रीबाज

पहिला मी! विषयातलं ओ की ठो कळत नाही. पण लग्नानंतर मला फक्त बायकोच्याच फ्रिक्वेन्सीला ऐकू येत नाही, यावर पीजीत एखादा पेपर असतो का? (ह.घ्या.)

गोदाकाठची_आजी

तर्रीबाज, त्यावरचा उपाय आमच्या वेळी लाटणं होता. पोरी, तू शिक. बाकीचं जाणकार सांगतील.

कानसेन

निफाडची_पोर, आधी त्या बाळाबद्दल, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

ओएई पास होते याचा अर्थ कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानातल्या, बाहेरच्या केसपेशी काम करतायत, एवढाच. आवाज पुढे नसेतून मेंदूपर्यंत नीट वेळेवर जातो की नाही, ते बेरा सांगते. पहिलं चांगलं आणि दुसरं सपाट, की ऑडिटरी न्यूरोपथीचा विचार करायचा. हे नाव १९९६ ला आलं, आणि २००८ ला इटलीतल्या कोमोला तज्ज्ञ जमले तेव्हा त्याला 'स्पेक्ट्रम' जोडलं गेलं, कारण दोन पेशंट एकसारखे सापडत नाहीत. एकाचा ऑडिओग्राम जवळपास नॉर्मल असतो आणि वर्गात त्याला काही कळत नाही, दुसऱ्याला काहीच ऐकू येत नाही.

आता पीजीत काय शिकवतात ते बघ. क्लिक एकदा रेअरफॅक्शन आणि एकदा कंडेन्सेशन, म्हणजे एकमेकांच्या उलट पोलॅरिटीने देऊन दोन्ही ट्रेस (आलेख) एकावर एक ठेवायचे. सुरुवातीचा भाग उलटा झाला तर तो कॉक्लियर मायक्रोफोनिक, म्हणजे केसपेशींचा, नसेचा प्रतिसाद नाही. पुष्कळ ठिकाणी मशीन आल्टरनेटिंगवर (दोन्ही आलटूनपालटून) टाकून चाचणी उरकतात, मग हे दिसणारच कसं? पुढे: अशा बाळात बेरावरून गेन ठरवता येत नाही, कारण बेराची लेव्हल आणि प्रत्यक्ष ऐकू येणं यांचा मेळच नसतो. साधारण सहा महिन्यांचं झाल्यावर मूल आवाजाकडे वळतं का, ते व्हीआरएने बघावं लागतं. कमी दिवसांच्या किंवा कावीळ झालेल्या बाळात काही वेळा वाढीबरोबर सुधारणा होते, म्हणून इम्प्लांटची घाई नको. पण नुसतं थांबायचंही नाही. एमआरआयमध्ये श्रवणाची नस आहे का, हे बघायचं. मशीनची ट्रायल द्यायची, आईला आवाजांची डायरी लिहायला लावायची. दोष आतल्या केसपेशीत किंवा सिनॅप्सपाशी (केसपेशी आणि नस जिथे जुळतात तिथे) असेल, जसं ओटोफर्लिनच्या जीनमध्ये असतं, तर इम्प्लांटचा निकाल चांगला येतो. नसच बारीक असेल तर तितका येत नाही.

हे सगळं पुस्तकात आहे. तरी तुला निर्णय घेता आला नाही, कारण शेजारी बसून 'हा ट्रेस पुन्हा घे, इलेक्ट्रोड बघ' म्हणणारं कोणी नव्हतं. पीजीचा खरा फायदा तो. मी मैसूरला शिकलो. पहिल्या सहामाहीत माझा एकही रिपोर्ट सहीसाठी एका फेरीत गेला नाही.

सिन्नरचा_मशीनवाला

कानसेन सर मोठे, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजू मी मांडतो.

मी बीएएसएलपीवरच आहे. सिन्नरला स्वतःचं छोटं क्लिनिक, आठवड्यातून एकदा नाशिकला दुसऱ्याच्या जागेत बसतो. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना वयाने आलेला बहिरेपणा, मळ, नाहीतर फुटलेला कान. त्यांना न्यूरोपथी नको, परवडेल असं मशीन आणि ते बिघडलं तर उचलला जाणारा फोन हवा. दोन वर्षं तू मैसूरला ट्रेस काढशील, तेवढ्यात तुझ्या सेंटरमधली दुसरी मुलगी मॅनेजर होईल. दारावर एमएस्सीची पाटी वाचून मला अजून कोणी दोनशे रुपये जास्त देताना दिसलेलं नाही.

शिकायचंच असेल तर वर्कशॉप आहेत, ऑनलाइन व्याख्यानं आहेत. कमावत शिक.

कानसेन

नव्वदांचं मान्य. पण त्या नव्वदांत तरी मशीन बरोबर लागतं का? तुमच्याबद्दल नाही म्हणत, एकूण धंद्याबद्दल. कानाच्या पडद्याजवळ प्रोब ट्यूब घालून मशीन खरंच किती आवाज पोचवतंय, हे मोजणारी सेंटरं जिल्ह्यात शोधा. एनएएल-एनएल२ चं (गेन ठरवायच्या सूत्राचं) टार्गेट सॉफ्टवेअरमध्ये हिरवं दिसतं, पण तो कंपनीचा अंदाज असतो. प्रत्येक कानाची नळी वेगळी. 'आता कसं वाटतंय आजोबा?' 'बरं वाटतंय.' झालं ट्यूनिंग. आणि महिनाभरात मशीन टीव्हीशेजारच्या डबीत.

सिन्नरचा_मशीनवाला

प्रोबचं यंत्र घ्यायला तुम्ही कर्ज देणार का सर? 🙂

डॉ_नाकानघसे

नाशिकमध्येच प्रॅक्टिस करतो, नाव आयडीत आहे तेवढंच पुरे.

नव्वदांचा हिशोब बरोबर आहे, पण उरलेले दहा माझ्या ओपीडीत अर्धा दिवस खातात. उदाहरण चक्करचं. पेशंट फाइल घेऊन येतो: मानेचा एक्सरे, मेंदूचा सीटी, दोन वर्षं चक्करच्या गोळ्या. विचारलं की सांगतो, कुशीवर वळलं की खोली गरगरते, अर्ध्या मिनिटात थांबते. कानातले कॅल्शियमचे कण सरकलेत, बीपीपीव्ही. डिक्स-हॉलपाइक (पेशंटला झटकन आडवं करायची चाचणी) करून डोळ्यांची हालचाल बघायची, एपली (कण जागेवर आणायची हालचाल) करायची, पुष्कळांचं त्याच बैठकीत भागतं. पण कॅनॉल कुठला, बाजू कुठली, की हा प्रकारच वेगळा आणि मेंदूकडचा आहे, हे सांगायला व्हीएनजी, व्हीएचआयटी, व्हेम्प या तोलाच्या तपासण्या वाचणारं माणूस लागतं. यंत्र घेणं सोपं. ते वाचणारा ऑडिओलॉजिस्ट मी कितीतरी दिवस शोधतोय.

दुसरं. एक शिक्षिका सांगत होत्या, डोळे डावी-उजवीकडे फिरवले की कानात त्याचा आवाज येतो, आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. घरच्यांनी मानसोपचारापर्यंत नेलं. कानातल्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड विरळ झालं की असं होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं. ऑडिओग्राममध्ये खालच्या फ्रिक्वेन्सीला एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून ऐकण्यातला फरक) दिसते, घाईत कोणी तिला ओटोस्क्लेरोसिस (मधल्या कानाचं हाड घट्ट होणं) समजून ऑपरेशनला घेईल. पण मोठ्या आवाजाला कानाचा स्नायू आवळायचे रिफ्लेक्स शाबूत असतात, इथेच चांगला ऑडिओलॉजिस्ट मला थांबवतो. व्हेम्प आणि सीटीने शिक्कामोर्तब.

तेव्हा पगाराचं तुमच्या सरांना बोलू द्या. मला अशी व्यक्ती हवी आहे.

ओझरकर_९

धाग्याशी संबंध नाही तरी विचारतो, डॉक्टर इथे आहेत म्हणून. वडिलांना काल सकाळपासून उजव्या कानाने एकदम ऐकू येत नाहीये. दुखत नाही. सर्दी असेल म्हणून आई वाफ देतेय. सोमवारी दाखवलं तर चालेल ना?

डॉ_नाकानघसे

नाही चालणार. आजच जा, जो ईएनटी उघडा असेल त्याच्याकडे. मळ निघाला तर उत्तमच. पण तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींना ३० डेसिबल किंवा जास्त उतरलेलं ऐकू येणं म्हणजे सडन लॉस, आणि ही कानाची इमर्जन्सी आहे. स्टिरॉइड जितक्या लवकर तितकं बरं, पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. वडिलांना डायबेटिस असेल तर तिथे आवर्जून सांगा. पुढे एमआरआय सांगितला तर टाळू नका, एका बाजूचा बहिरेपणा आहे.

ओझरकर_९

निघालो.

देवळालीकर_माजी_सैनिक

आम्ही तोफखान्यातले. देवळालीत प्रशिक्षण, पुढे बऱ्याच ठिकाणी. त्या काळी कानात बोळा घालणं म्हणजे बायकीपणा समजत. आता दोन्ही कानांत चोवीस तास रातकिडे. ऑडिओग्रामला ४००० हर्ट्झपाशी खड्डा आहे, एवढं मला पाठ झालंय.

ज्याच्याकडे जावं तो म्हणे, याला औषध नाही, सवय करून घ्या. सवय कशी करायची ते कोणी सांगेना. रात्री झोप नाही, घरात चिडचिड. पुण्याला एका मुलीने (पीजी केलेली होती, म्हणून लिहितोय) तासभर बसवून घेतलं. आवाज कानात तयार होत नाही, मेंदू हरवलेला आवाज भरून काढतो आणि आपण भ्यालो की त्याला धोक्याची घंटा समजतो, हे चित्र काढून समजावलं. रात्री पूर्ण शांतता ठेवू नका, हळू आवाजात पाऊस किंवा पंखा चालू राहू द्या, तोही टिनिटस (कानातला हा आवाज) बुडेल इतका मोठा नको. मशीनने आजूबाजूचं ऐकू यायला लागलं की रातकिडे मागे पडतील. आणि विचारांच्या सवयीसाठी सीबीटीवाल्या (मानसोपचाराचा एक प्रकार) मॅडमकडे पाठवलं. रातकिडे गेले नाहीत. पण मी झोपतो.

तासभर बसण्याचं तिने काय बिल लावलं विचाराल, तर नेहमीच्या तपासणीपेक्षा जास्त. आनंदाने दिलं.

ढोलताशा_कन्या

काका, आमच्या पथकात आता निम्म्या जणी इअरप्लग लावतात. आधी कापूस घालायचो, त्याने काही होत नाही हे उशिरा कळलं.

कानसेन

कापसाने चार-पाच डेसिबल गेले तर गेले. हिशोब असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटं. नाशिक ढोलाच्या मधोमध उभं राहिलं की १०० कधीच मागे पडलेलं असतं.

धर्माभिमानी_नाशिककर

आला सणांवर घसरलात? सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपमध्ये जाऊन मोजा ना.

सातपूर_शिफ्ट

मोजतात हो. आमच्याकडे मफ दिलेत, घाम येतो म्हणून गळ्यात घालतो. ढोल मात्र वाजलाच पाहिजे 😀

व्यवस्थापक

ढोलासाठी वेगळा धागा काढा. मूळ विषयावर या.

लेकाची_आई

मी आईच्या बाजूने लिहिते.

माझ्या लेकाला कॉक्लियर इम्प्लांट आहे. एडिप या सरकारी योजनेतून झालं, वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याची नोडल आहे, तिथून मार्गदर्शन मिळालं. ऑपरेशन एकदाच होतं, मॅपिंग (इलेक्ट्रोडच्या लेव्हल जुळवणं) मात्र जन्मभर. ते कळायला आम्हाला पंचवटी एक्सप्रेसचे बरेच पास लागले.

एकदा मध्येच लेकाने प्रोसेसर काढून फेकायला सुरुवात केली. लावला की रडायचा. ज्या ठिकाणी मॅपिंग करायचो तिथे सांगितलं, हट्ट करतोय, सवय लावा. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत होतं. मग दुसरीकडे गेलो. तिथे एक एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती. तिच्या मॅडम कॉम्प्युटरवर एकेक इलेक्ट्रोड वाजवत होत्या, आणि ही जमिनीवर बसून लेकाला गाड्या खेळवत त्याचा चेहरा बघत होती. दोन-तीन इलेक्ट्रोडवर तिने बोट वर केलं. मॅडम, पापणी. आवाज आला की उजवी पापणी फडफडत होती. करंट चेहऱ्याच्या नसेपर्यंत जात होता. लेव्हल खाली आणल्या, एक इलेक्ट्रोड बंदच केला. लेक तेव्हापासून प्रोसेसर घालून झोपायला मागतो, आता काढायला मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

स्क्रीन सोडून मुलाकडे बघायचं हे त्या मुलीला कोणीतरी शिकवलं असणार. तू शिकून ये ग. नाशिकला मॅपिंगला बसलीस तर रांगेत पहिली मी.

तर्रीबाज

हा प्रतिसाद वाचून चेष्टा मागे घेतो. लाटण्याची नाही, माझी.

म्हैसूरपाक

अजून दोन सेमिस्टर बाकी आहेत, मैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमधून लिहितेय. संस्था १९६५ ची, केंद्र सरकारची. प्रवेश परीक्षेने होतो, आणि फीच्या बाबतीत खाजगीपेक्षा खूपच जमिनीवर.

प्रबंध लिहावा लागतो, रात्री जागवून लिहावा लागतो. पण सकाळ क्लिनिकची असते. एका पोस्टिंगला बाळांचं निदान, एकाला व्हर्टिगो, एकाला इम्प्लांट, एकाला सीएपीडी. म्हणजे कान चांगले पण गोंगाटात किंवा वेगाने बोललं की अर्थ लागत नाही अशी शाळकरी मुलं. इथे ऑडिटरी न्यूरोपथी इतकी दिसते की ती दुर्मिळ आहे असं वाटेनासं होतं. अठरा-वीस वर्षांच्या मुलीसुद्धा येतात, तक्रार एकच: आवाज येतो, शब्द कळत नाही.

एक गोष्ट मात्र विचारात घे. इथे पेशंट कन्नड, मल्याळी, तेलुगू. स्पीच टेस्ट त्यांच्या भाषेतल्या शब्दयाद्यांनी होतात. मराठी पेशंट क्वचित. नाशिकला परतायचं नक्की असेल तर मुंबईचा विचार आधी कर: अली यावर जंग (१९८३ ची) किंवा नायर. तिथे धुळे-जळगावकडची आजी पण येईल आणि तिची अहिराणी ऐकून तू 'चुकलं' की 'बरोबर' ठरवायला शिकशील. चेन्नई, मंगळूरलाही एमएस्सी आहे, अर्ज सगळीकडे भर.

गंमत म्हणजे नायरची पदवी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, जे १९९८ पासून आपल्या नाशकात आहे, म्हसरूळला. सर्टिफिकेटवर नाशिक, शिकायला मुंबई सेंट्रल.

पंचवटी_एक्सप्रेस

म्हणजे आमच्यासारखंच की. झोपायला नाशिक, जगायला व्हीटी.

लीड्सवाला_नाशिककर

इंग्लंडातून. आमच्याकडे नोकरीत राहून अवघड कामाचं शिक्षण घ्यायची एक सोय आहे. ब्रिटिश अकॅडमी ऑफ ऑडिओलॉजीची हायर ट्रेनिंग स्कीम. बॅलन्स, टिनिटस, लहान मुलं, असा एकेक विषय घ्यायचा, ठरलेल्या केसेस अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करायच्या, शेवटी परीक्षक समोर पेशंट तपासायला लावतात. मी बॅलन्स केलं. पदवीपेक्षा त्या परीक्षेला मी जास्त घाबरलो.

सिन्नरच्या दादांचं 'कमावत शिक' इथे शक्य आहे ते यामुळे. आपल्याकडे देखरेख करणारी माणसं पीजी कॉलेजांतच एकवटली आहेत, म्हणून तिला तिकडे जावं लागणार. वेबिनार बघून डिक्स-हॉलपाइक येत नाही, मान हातात घ्यावी लागते. बाहेर येण्याचा विचार असेल तर आरसीआय आणि इथली नोंदणी दोन्हीचे नियम आधी वाच. अमेरिकेत तर एयुडी म्हणजे पदवीनंतर साधारण चार वर्षांची डॉक्टरेट आहे.

सरकारी_ऑडिओ

सरकारी रुग्णालयात आहे, जिल्हा सांगत नाही.

आमच्याकडची अवघड केस वेगळीच. दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल म्हणजे कर्णबधिर, ६० ते ७० म्हणजे ऐकण्यात कमी. बुधवारी रांग लागते. एक गृहस्थ ऑडिओमेट्रीत ११० ला पण बटन दाबेनात, आणि मी हळूच म्हटलं 'पाकीट पडलं तुमचं' तर वाकून बघितलं. बेरा करून घरी पाठवले.

पण हसण्यावारी न्यायचा हा विषय नाही. दहावीच्या आधी एक मुलगी आली, दोन्ही कान एकदम गेले म्हणून. ओएई, बेरा सगळं नॉर्मल. आमचा आधीचा सहकारी 'नाटक करते' असं तिच्या वडिलांसमोर म्हणाला. पीजीत आम्हाला हाणून शिकवलं होतं की मुलात असं दिसलं तर खोटारडं म्हणायचं नाही, घरात-शाळेत काय चाललंय ते बघायचं, आणि तिला परत ऐकू यायला मानाने वाट द्यायची. 'आता कान सुधारतायत, पुढच्या आठवड्यात अजून बरं होईल' म्हटलं, समुपदेशकाकडे जोडून दिलं. पुढच्या आठवड्यात बरं झालं. घरचं कारण इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉ_नाकानघसे

यावरून आठवलं, शिकणाऱ्या सगळ्यांसाठी. जन्मतः बहिरं मूल धावताना किंवा घाबरल्यावर बेशुद्ध पडतं आणि फिट समजून औषध चालू आहे, असं ऐकलं की ईसीजी काढायला लावा. जर्व्हेल-लांग-नील्सन सिंड्रोम. हृदयाचा क्यूटी लांबलेला असतो आणि एखादा झटका जिवावर बेततो. दुर्मिळ आहे, पण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तेव्हा डोक्यात असू द्या. हा प्रश्न विचारणारी पहिली व्यक्ती बहुधा ऑडिओलॉजिस्टच असते, कारण इतिहास घ्यायला वेळ तिच्याकडे असतो.

सिन्नरचा_मशीनवाला

वेळ! हेच मी म्हणतोय. वेळेचे पैसे कोण देतो?

सगळ्यांचं वाचलं. मॅपिंगवाल्या ताईंचं वाचून घशाशी आलं. पण माझ्या दारावर 'मोफत कान तपासणी' लिहिलेलं आहे, कारण समोरच्याच्या दारावर तेच लिहिलंय. लोकांना चाचणी फुकट लागते, मग तिचा खर्च मशीनमधून काढावा लागतो. मशीन नको असलेला पेशंट, म्हणजे टिनिटसवाले काका किंवा चक्करवाली बाई, माझ्यासाठी तोट्याची. मी काही वाईट माणूस नाही. माझं भाडं दर महिन्याला येतं. पीजी केलेली मुलगीसुद्धा अशाच सेंटरमध्ये बसली तर व्हेम्पबिम्प विसरून मशीनच विकेल. दोन वर्षं आणि फी पाण्यात.

कानसेन

यावर मात्र मी सिन्नरकरांशी पूर्ण सहमत आहे. पहिल्यांदाच. रोग बरोबर पकडलात. माझी चांगली शिकलेली मुलं अशा सेंटरांमध्ये वाया गेलेली पाहिली आहेत. उपाय एकच दिसतो, तपासणीची फी मशीनपासून वेगळी लावायची आणि पहिल्या दिवसापासून लावायची. माजी सैनिकांनी दिली की नाही? दंतवैद्य फुकट दात बघतो का?

ओझरकर_९

अपडेट: त्याच दिवशी दाखवलं, सडन लॉसच निघाला. स्टिरॉइड चालू, शुगर बघताहेत. थोडा फरक आहे. ऑडिओग्राम दाखवला, खालच्या फ्रिक्वेन्सींना ऐकू येणं वर आलंय म्हणाले. सगळ्यांचे आभार, धागा हायजॅक केल्याबद्दल सॉरी.

गोदाकाठची_आजी

असे हायजॅक रोज होवोत. वाफ बंद कर आईला सांग.

निफाडची_पोर

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. एकेकाला उत्तर देत नाही, दोनदा वाचलेत सगळे.

कानसेन सर, आमच्या मशीनवर पोलॅरिटीची सेटिंग काल शोधली. फॅक्टरीतून आल्यापासून आल्टरनेटिंगवरच होती. बदलून एका नॉर्मल कानावर दोन्ही ट्रेस काढून बघितले, निदान दिसतं कसं ते कळलं. त्या बाळाच्या आईशी बोलले. एमआरआय झाला, दोन्हीकडे नस आहे. मुंबईत मशीनची ट्रायल देतायत आणि डायरीची वही दिली आहे. आईला लिहिता येत नाही, मोठी मुलगी लिहिते.

घरी बोलले. बाबा म्हणाले, सरकारी कॉलेजला लागलीस तर बघू, खाजगीची फी झेपणार नाही. म्हणजे परीक्षा चांगली द्यावी लागणार. मुंबई पहिली पसंती, मैसूर दुसरी. म्हैसूरपाक, तुझ्या विपूत (विचारपुशीत) प्रश्न टाकलेत, अभ्यासाबद्दल. शैक्षणिक कर्जाचं कोणी सांगू शकेल का? बँकवाले कोर्सचं नाव ऐकून 'स्पीकिंग कोर्स?' विचारतात.

म्हैसूरपाक

विपू बघितली. बेरा, इम्पिडन्स आणि अकूस्टिक्सचा पाया पक्का कर, परीक्षेत तेच फिरवून विचारतात. जुने पेपर पाठवते. बँकेला कोर्सचं नाव सांगू नकोस, आरसीआय मान्यतेचं पत्र आणि विद्यापीठाचं नाव पुढे ठेव.

डॉ_नाकानघसे

आणि चक्करचं पोस्टिंग मिळालं तर मागून घे. बाकी मी आहे.

सिन्नरचा_मशीनवाला

हरलो. मी पण एक बोलतो. पीजी करून आलीस तर दर शनिवारी माझ्या नाशिकच्या जागेत बस. प्रोबचं यंत्र मी घेतो, जुनं मिळालं तर जुनं. 'मोफत'ची पाटी त्या दिवशी उतरवतो. भाडं मागणार नाही, जे येईल त्यात अर्धं-अर्धं.

निफाडची_पोर

दादा, साठ-चाळीस. आणि पाटी रोज उतरवायची, फक्त शनिवारी नाही.

सिन्नरचा_मशीनवाला

अजून परीक्षेचा फॉर्म भरला नाहीस आणि भाव करायला लागलीस! पंचावन्न-पंचेचाळीस. पाटीचं बघू.